विंडोजचे गेम लिनक्सवर: वाइन आणि प्रोटॉन नीट लावायचे कसे

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि धडधाकट चालणारे कित्येक संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल आय५, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय असं मशीन विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. इंटेलच्या पात्र प्रोसेसरांची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते आणि वर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतंच. मशीनमध्ये मात्र काही बिघडलेलं नसतं. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही प्रणाली टाकून, वाइन आणि प्रोटॉन या साधनांच्या मदतीने विंडोजसाठी बनलेले गेम खेळता येतात, आणि २०१८ च्या आधी त्यासाठी जी झटापट करावी लागे तिच्या दहाव्या हिश्श्याचीही आता गरज नाही.

तरीही एखादा गेम अडतोच. अडला की बहुतेक जण प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलत बसतात, नेटवर सापडलेल्या दहा ओळी एकदम चिकटवतात, आणि मग मुळात काय बिघडलं होतं आणि आपण काय बिघडवलं हेच कळेनासं होतं. दोष बरेचदा खालच्या थरात असतो: ड्रायव्हरमध्ये, डिस्कमध्ये, नाहीतर गेमच्या अँटी-चीटमध्ये (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम). म्हणून हा लेख खालून वर जातो. क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

एक सूचना: आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायची. कॅपिटल अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

पडद्यामागे काय चालतं

वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ हा तिच्या नावाचा विस्तार, आणि तो खरा आहे. गेमची ईएक्सई फाइल तुमच्या प्रोसेसरवर थेटच चालते. फरक एवढाच की ‘ही फाइल उघड’, ‘आवाज लाव’ अशी हाक गेम विंडोजला मारतो आणि ओ वाइन देते. मध्ये नकली संगणक उभा करावा लागत नाही, म्हणून वेग फारसा जात नाही.

चित्र काढण्याचं काम वेगळ्या दोन तुकड्यांकडे असतं. डायरेक्टएक्स ही विंडोजच्या गेमची चित्र काढण्याची भाषा; तिच्या ८ ते ११ आवृत्त्यांच्या आज्ञा डीएक्सव्हीके हा थर व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या तशाच भाषेत बदलतो. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. वाइन, हे दोन थर आणि गेमनिहाय दुरुस्त्या यांची एकत्र बांधलेली मोळी म्हणजे प्रोटॉन. व्हॉल्व्ह कंपनीने तो ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेम-दुकानात आणला. २०२२ साली आलेल्या स्टीम डेकवर (व्हॉल्व्हचा हातातला गेमिंग संगणक) विंडोजचे गेम याच प्रोटॉनमुळे चालतात, त्यामुळे नवे गेम त्यावर चालावेत यासाठी व्हॉल्व्ह स्वतः खपते. आपल्याला त्याचा आयता फायदा.

यातून लक्षात ठेवायची गोष्ट एकच: सगळं शेवटी व्हल्कनवर येऊन टेकतं. व्हल्कन नीट नसेल तर वरचं काहीही बदलून उपयोग नाही.

विंडोज पुसण्याआधी

तुम्ही रोज कोणता गेम खेळता? उत्तर व्हॅलोरंट असेल तर इथेच थांबा. त्याचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) शिरून बसतो, आणि लिनक्सवर विंडोजचा कर्नलच नसतो. लीग ऑफ लेजंड्स वर्षानुवर्षं वाइनवर चालत होता. २०२४ मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड लागला आणि तो बंद झाला. एपेक्स लेजंड्सने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लिनक्सचं दार लावलं. जीटीए ५ ची कथा आजही मजेत खेळता येते, पण सप्टेंबर २०२४ पासून त्याचं ऑनलाइन मात्र मिळत नाही. फोर्टनाइट आणि संगणकावरचा पबजी यांचीही तीच गत.

इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींत २०२१ पासून प्रोटॉनसाठी सोय आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. म्हणजे एकाच अँटी-चीटचा एक गेम चालतो आणि दुसरा चालत नाही. ‘आर वी अँटी-चीट येट’ या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकून पाहा. तिथे ‘डिनाइड’ दिसलं तर जुगाड शोधत बसू नका. बंदी खात्यावर येते, आणि खातं तुमचं असतं. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या मात्र खास लिनक्सच्या आवृत्त्या आहेत, त्यांना प्रोटॉनही लागत नाही.

एकट्याने खेळायच्या गेमसाठी प्रोटॉनडीबी हे संकेतस्थळ पाहा. तिथे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशी पदकं असतात. नुसत्या पदकावर जाऊ नका. खाली उतरून गेल्या तीन-चार महिन्यांतले, तुमच्याच कंपनीचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लोकांचे अनुभव वाचा. चार वर्षांपूर्वीचा ‘चालत नाही’ आज बहुधा खोटा असतो, आणि त्या काळचे उपाय आज उलटे बाधतात.

कार्ड चालेल का

२०२२ च्या अखेरीस आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ लागतं. एएमडीच्या आरएक्स ४०० मालिकेपासून पुढे काही प्रश्न नाही. इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स सहाव्या पिढीपासून चालतं, फक्त अपेक्षा बेताच्या ठेवा. एनव्हिडियात जीटीएक्स ७५० टीआय, ९०० आणि १० मालिका चालतात, पण त्यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. त्यापुढची शाखा टाकली तर कार्ड ओळखलंच जात नाही. त्याहून जुनी ६०० मालिका आणि ७०० मालिकेतली बहुतेक कार्डं ४७० वर अडकलेली आहेत आणि त्यांना व्हल्कन १.३ मिळत नाही. तिथे डायरेक्टएक्स ९ चे जुने गेम ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स-भाषेच्या वाटेने चालवता येतात, पुढे सांगितलं आहे.

एनव्हिडियावर डायरेक्टएक्स १२ च्या गेमना लिनक्समध्ये विंडोजपेक्षा जाणवण्याइतका फटका बसतो, १० मालिकेवर तर जास्तच. गेममध्ये ११ आणि १२ असा पर्याय असेल तर डोळे झाकून ११ घ्या.

लिनक्स कोणतं, आणि ड्रायव्हर

पहिल्यांदाच येत असाल तर लिनक्स मिंट २२ घ्या. नवं कार्ड असेल तर फेडोरा किंवा बझाइट बरं, कारण त्यांत कर्नल आणि मेसा (ग्राफिक्सचा ड्रायव्हर) ताजे असतात. बाकी पन्नास नावं आहेत, त्यांच्या वादात पडू नका.

एएमडी आणि इंटेलसाठी काहीही उतरवायचं नाही. मेसा नावाचा ड्रायव्हर सोबतच येतो. विंडोजच्या सवयीने कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आणून टाकला की चालणारी गोष्ट बिघडते.

एनव्हिडियाला मात्र टाकावा लागतो. मिंटमध्ये मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ‘रेकमेंडेड’ लिहिलेला निवडा, ॲप्लाय करा. इथेच सर्वांत जास्त लोक घसरतात. बायोसमध्ये सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला ड्रायव्हर रोखणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. मशीन पुन्हा सुरू झालं की निळ्या पडद्यावर ‘परफॉर्म मॉक मॅनेजमेंट’ येतं, आणि दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो पडदा निघून जातो. चहा आणायला गेलात की संपलं. तिथे ‘एनरोल मॉक’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, आणि तो पासवर्ड. पासवर्ड साधा ठेवा, कारण त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरलेला असतो आणि टाइप केलेलं दिसत नाही. ही पायरी चुकली की ड्रायव्हर डिस्कवर असतो पण लोड होत नाही. डेस्कटॉप ठीक दिसतो, व्हिडीओ चालतात, आणि गेम तेवढे रांगतात. पडदा निसटलाच तर सिक्युअर बूट बायोसमधून बंद करणं हा सोपा मार्ग.

आता खात्री करा. ‘व्हल्कन-टूल्स’ हे पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये हे चालवा:

व्हल्कनइन्फो --समरी

येणाऱ्या मजकुरात ‘डिव्हाइसनेम’ या ओळीसमोर तुमच्या कार्डाचं नाव आणि ‘एपीआयव्हर्जन’ समोर १.३ किंवा वरचा आकडा दिसला पाहिजे. तिथे नुसतं ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. गेम सुरू होईल, पण सेकंदाला दोन-तीन फ्रेम मिळतील. कार्डाचं नाव वर आणि एलएलव्हीएमपाइप खाली असं दोन्ही दिसणं चूक नाही.

दुसरी मेख ३२-बिटची. २०१० च्या आसपासपर्यंतचे बहुतेक गेम ३२-बिट आहेत आणि त्यांना ड्रायव्हरचीही ३२-बिट प्रत लागते. नवे गेम सुरू होतात आणि फक्त जुनेच अडतात, असं दिसलं तर पहिला संशय इथे घ्या. मेसावर ‘मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स:आय३८६’ आणि एनव्हिडियावर ‘लिबएनव्हिडिया-जीएल-५८०:आय३८६’ ही पॅकेजं आहेत का ते सिनॅप्टिक या पॅकेज मॅनेजरमध्ये शोधा. शेवटचा आकडा तुमच्या ड्रायव्हरच्या शाखेचा हवा.

स्टीम आणि प्रोटॉन

स्टीम व्हॉल्व्हच्या साइटवरच्या डेब फाइलमधून किंवा मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधल्या ‘सिस्टम पॅकेज’ मधून घ्या. उबुंटूचं स्नॅप टाळा. फ्लॅटपॅक चालतं, पण त्याला तुमची दुसरी डिस्क दिसत नाही. फ्लॅटसील नावाच्या साधनातून त्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते.

लॉगिन करून ‘सेटिंग्ज’, ‘कॉम्पॅटिबिलिटी’ मध्ये जा. जुन्या क्लायंटमध्ये ‘एनेबल स्टीम प्ले फॉर ऑल अदर टायटल्स’ हे बटण चालू करावं लागायचं; आता सगळ्या गेमना प्रोटॉन आपसूक लागतो आणि तिथे फक्त मुख्य आवृत्ती निवडायची असते. सर्वांत नवी आकड्याची आवृत्ती ठेवा.

एखाद्या गेमपुरतं बदलायचं तर त्याच्या नावावर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कॉम्पॅटिबिलिटी’, आणि तिथे ‘फोर्स द यूज ऑफ...’ वर खूण. गेम अडला तर क्रम असा: आधी आकड्याची नवी आवृत्ती, मग ‘प्रोटॉन एक्सपेरिमेंटल’, मग ‘जीई-प्रोटॉन’. हा तिसरा व्हॉल्व्हचा नाही. ग्लोरियस एगरोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकासकाची ती बांधणी आहे आणि ‘प्रोटॉनअप-क्यूटी’ या छोट्या ॲपमधून दोन क्लिकमध्ये येते. आल्यावर स्टीम पूर्ण बंद करून उघडल्याशिवाय यादीत दिसत नाही. जीईची खरी गरज पडते ती व्हिडीओंसाठी. गेममधल्या चित्रफितीच्या जागी टीव्हीवरच्यासारखे रंगीत पट्टे दिसले, की समजा त्या फितीचा कोडेक नेहमीच्या प्रोटॉनमध्ये नाही. जीई लावा, बहुधा सुटतं.

आवृत्त्या बदलताना एक सांभाळा. डेनुव्हो हे संरक्षण असलेल्या गेमला प्रोटॉनची प्रत्येक नवी आवृत्ती म्हणजे नवा संगणक वाटतो. दिवसभरात पाच-सहा वेळा बदललंत की गेम २४ तासांसाठी कुलूपबंद होतो, आणि तेव्हा वाट पाहण्यावाचून इलाज नाही. गेमच्या स्टोअर पानावर उजव्या बाजूला डेनुव्होचा उल्लेख असतो, तो आधी बघा.

पहिल्यांदा प्ले दाबल्यावर बराच वेळ काही होत नाही. प्रोटॉन आणि त्याचं रनटाइम उतरत असतं, मग मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल सी प्लस प्लसची पॅकेजं बसतात. दर मिनिटाला ‘स्टॉप’ दाबून पुन्हा सुरू करणं हा यातला सर्वांत वाईट उपाय. ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’ ची पट्टी मात्र दुबळ्या प्रोसेसरवर अर्धा तासही खाते. ती खुशाल ‘स्किप’ करा. खेळताना सुरुवातीला थोडे झटके बसतील, इतकंच.

प्रीफिक्स: प्रत्येक गेमचं वेगळं बिऱ्हाड

हे कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक वेगळी नकली सी ड्राइव्ह बनवतो. तिच्यात त्या गेमची रजिस्ट्री, डीएलएल फाइली (प्रोग्रामचे सुटे तुकडे) आणि बरेचदा सेव्हसुद्धा असतात. या ड्राइव्हला प्रीफिक्स म्हणतात. एकाच्या घरात घातलेला गोंधळ दुसऱ्याच्या घरात जात नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती घ्या. स्टीममधला तिचा क्रमांक ८१३७८०. तो स्टोअरच्या पत्त्यात दिसतो. गेमवर उजवी क्लिक करून ‘मॅनेज’, ‘ब्राउझ लोकल फाइल्स’ म्हटलं की ‘कॉमन’ च्या आतलं गेमचं फोल्डर उघडतं. दोन पायऱ्या वर या. ‘कॉमन’ च्या शेजारी ‘कॉम्पॅटडेटा’ आहे, त्यात ८१३७८०, त्यात पीएफएक्स, ड्राइव्ह_सी, यूजर्स, स्टीमयूजर. इथे विंडोजसारखीच ‘डॉक्युमेंट्स’ वगैरे फोल्डर दिसतात, आणि या गेमचे सेव्ह ‘गेम्स’ च्या आत मिळतात. विंडोजवरचे जुने सेव्ह आणायचे असतील तर त्याच नावाच्या जागी आणून ठेवायचे. ज्या गेमना स्टीम क्लाउड आहे त्यांना एवढंही करावं लागत नाही.

कालपर्यंत चालणारा गेम आज अचानक सुरू होत नसेल, तर प्रीफिक्स नव्याने बनवणं हा उत्तम उपाय. फक्त पुसू नका, नाव बदला. ८१३७८० चं ८१३७८०-जुनं करा आणि प्ले दाबा. नवं फोल्डर आपोआप बनेल. गेम चालला तर जुन्यातून सेव्ह काढून घ्या. थेट पुसणाऱ्याला ऐंशी तासांची मोहीम गेल्यावर हे आठवतं.

विंडोजच्या डिस्कवरूनच खेळायचंय?

डी ड्राइव्हवर २०० जीबी गेम आधीच पडलेले आहेत, ते पुन्हा कशाला उतरवायचे, हा विचार रास्त आहे. पण ती ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत) असते आणि तिथे दोन अडचणी येतात.

पहिली: विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज खरं बंद होतच नाही, झोपतं. तशा अवस्थेतली डिस्क लिनक्स फक्त वाचण्यापुरती उघडतं आणि स्टीम ‘डिस्क राइट एरर’ देतं. विंडोजमध्ये जाऊन कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’ मधून ते बंद करा.

दुसरी जास्त खोल आहे. प्रीफिक्सच्या आत ‘डॉसडिव्हाइसेस’ फोल्डरमध्ये ‘सी:’ आणि ‘झेड:’ अशा, शेवटी अपूर्णविराम असलेल्या लिंक असतात. लिनक्सला हे नाव चालतं, विंडोजला चालत नाही. पुढच्या वेळी विंडोजने डिस्क तपासली की त्या त्याला बिघाड वाटतात. म्हणून गेमच्या फाइली एनटीएफएसवर राहिल्या तरी ‘कॉम्पॅटडेटा’ तिथे राहता कामा नये. होम फोल्डरमध्ये त्या नावाचं रिकामं फोल्डर बनवा, डिस्कवरचं काढून टाका आणि त्याच्या जागी ‘एलएन -एस’ आज्ञेने लिंक ठेवा. हा तात्पुरता मार्ग आहे. लिनक्सवर राहायचं ठरलं की डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची पद्धत) करून गेम पुन्हा उतरवलेले बरे.

स्टीमबाहेरचे गेम

एपिक आणि जीओजी या गेम-दुकानांसाठी हिरोइक लाँचर आहे. लॉगिन करा, ‘वाइन मॅनेजर’ मधून जीई-प्रोटॉन उतरवा, गेमच्या सेटिंग्जमध्ये तो निवडा. एपिकचे गुरुवारचे फुकट गेम इथूनच बसतात. बॅटल.नेट, ईए आणि यूबिसॉफ्ट यांच्यासाठी लुट्रिस सोयीचं.

खरी गंमत जुन्या सीडींची. सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने खेळलेले व्हाइस सिटी, मोस्ट वाँटेड, क्रिकेट ०७ यांच्या डिस्क अजून बऱ्याच घरांत माळ्यावर सापडतात. लुट्रिस उघडून अधिकचं चिन्ह दाबा, ‘इन्स्टॉल अ विंडोज गेम फ्रॉम ॲन एक्झिक्युटेबल’ निवडा, नाव द्या आणि सेटअप फाइल दाखवा. डिस्क दोन-तीन असतील तर आधी सगळ्यांतलं साहित्य होममधल्या एकाच फोल्डरमध्ये कॉपी करून तिथून सेटअप चालवा. ‘डिस्क २ घाला’ म्हणून अडलाच, तर वाइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ड्राइव्ह्ज’ टॅबवर त्या फोल्डरला डी: द्या आणि ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये प्रकार ‘सीडी-रॉम’ करा.

विंडोज ९५ च्या काळातले काही इन्स्टॉलर १६-बिट असतात. ६४-बिट विंडोज ते उघडतही नाही, वाइन उघडते. उलट सेफडिस्क हे कॉपी-संरक्षण असलेल्या डिस्क वाइनवर बहुतेक अडतात, पण त्याचा दोष वाइनला नको. मायक्रोसॉफ्टनेही २०१५ मध्ये विंडोज १० पासून त्याला रजा दिली. असे गेम जीओजीवर संरक्षणाविना मिळतात का पाहा.

मोस्ट वाँटेडसारख्या गेमवर रुंद पडद्याचा पॅच टाकतात तेव्हा गेमच्या फोल्डरमध्ये ‘डीइनपुट८’ नावाची डीएलएल आणि ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डर येतं. विंडोजवर एवढं पुरतं. वाइन मात्र स्वतःची डीइनपुट८ वापरते, पॅचची ढुंकूनही पाहत नाही, आणि चूक झाल्याचंही सांगत नाही. चित्र फक्त ताणलेलं राहतं. वाइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘लायब्ररीज’ टॅबवर डीइनपुट८ टाइप करून ‘ॲड’ करा आणि ‘नेटिव्ह देन बिल्टइन’ निवडा. जे मॉड डी३डी८, डी३डी९ किंवा डीड्रॉ नावाची डीएलएल टाकतात, त्यांनाही हाच नियम.

खूप जुना गेम बंद केल्यावर डेस्कटॉप ६४० बाय ४८० वर अडकत असेल तर ‘ग्राफिक्स’ टॅबमधला ‘इम्युलेट अ व्हर्च्युअल डेस्कटॉप’ चालू करा. व्हाइस सिटीतला ‘फ्रेम लिमिटर’ मात्र चालूच ठेवा. आजच्या कार्डावर तो काढला की गाड्यांचं भौतिकशास्त्र बिनसतं.

लाँच ऑप्शन्स: एक ओळ, तीन भाग

स्टीममध्ये ‘प्रॉपर्टीज’, ‘जनरल’ च्या तळाशी ही चौकट असते. उदाहरणार्थ:

डीएक्सव्हीके_फ्रेम_रेट=६० गेममोडरन मँगोहड %कमांड% -विंडोड

%कमांड% म्हणजे स्टीमची स्वतःची ओळ. तिच्याआधी सेटिंग्ज (सगळी कॅपिटल अक्षरांत, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता) आणि मदतनीस प्रोग्राम. तिच्यानंतर खुद्द गेमला द्यायच्या सूचना. %कमांड% विसरलात तर सगळंच गेमच्या सूचना म्हणून जातं आणि काहीच घडत नाही. गेममोडरन (खेळताना मशीन वेगाने चालवायला मदत करणारा) आणि मँगोहड आधी टाकलेले हवेत. नसले तर गेम एक क्षण ‘रनिंग’ दाखवून बंद पडतो. ‘गेम चालत नाही’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच असतं.

मँगोहड पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम, तापमान आणि कार्डाचा भार दाखवतो. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतील तर नेमकं कोणतं राबतंय ते इथे कळतं. वर दिलेली ६० ची मर्यादा डायरेक्टएक्स ११ पर्यंतच्या गेमना लागते आणि उन्हाळ्यात लॅपटॉपचा पंखा शांत ठेवते. व्हल्कन १.३ नसलेल्या जुन्या कार्डावर ‘प्रोटॉन_यूज_वाइनडी३डी=१ %कमांड%’ दिलं की गेम ओपनजीएलने चालतो; वेग कमी, पण चालतो.

तरीही चालत नाही

आधी लाँच ऑप्शन्सची चौकट पूर्ण रिकामी करा. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा इथेच संपतं. मग ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’ मधून फाइली तपासून घ्या, मग प्रीफिक्सचं नाव बदला, मग प्रोटॉनची आवृत्ती बदला. चारही करून झालं तरच नोंद काढा:

प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%

गेम बंद पडल्यावर होम फोल्डरमध्ये ‘स्टीम-’ आणि पुढे गेमचा क्रमांक अशी लॉग फाइल मिळते. ती शेकडो एमबीची असू शकते, घाबरू नका. ‘फिक्समी’ ने भरलेल्या ओळी सोडून द्या. त्या वाइनच्या विकासकांनी स्वतःसाठी लिहिलेल्या आठवणी आहेत आणि चालणाऱ्या गेममध्येही हजारोंनी असतात. ‘एर:’ शोधा. तिथे ‘लायब्ररी अमुक नॉट फाउंड’ असेल तर त्या डीएलएलचं नाव घ्या आणि प्रोटॉनट्रिक्स (प्रीफिक्समध्ये अशा गोष्टी बसवणारं साधन) मधून त्या गेमपुरतं ती बसवा. ‘एमएसव्हीसीपी१४०’ सारखं नाव दिसलं तर व्हीसीरन२०२२, ‘डी३डीएक्स९’ ने सुरू होणारं असेल तर डी३डीएक्स९, ‘डी३डीकम्पायलर’ असेल तर त्याचीच ४७ क्रमांकाची आवृत्ती. मेनूतली अक्षरं गायब असतील तर कोअरफॉन्ट्स. ‘असू दे’ म्हणून दहा गोष्टी एकदम टाकू नका, विशेषतः डॉटनेट. तिने प्रीफिक्स बिघडतो.

मोठे नवे गेम नकाशा लोड होताना पडत असतील तर ‘व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट’ हा कर्नलचा आकडा पाहा. जुना ठरलेला आकडा ६५५३० होता आणि तो काही गेमना अपुरा पडतो. मिंट २२ मध्ये आणि फेडोरात तो आता १०४८५७६ आहे. जुन्या आवृत्तीवर असाल तर ‘सिस्कटीएल’ मधून एवढा करा.

दोन गोष्टी कधीच करू नका

वाइन ‘सुडो’ (रूट म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून चालवू नका. परवानग्यांची अडचण त्याने सुटत नाही. उलट प्रीफिक्सच्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे साध्या पद्धतीने गेम उघडतच नाही.

आणि लिनक्सवर विंडोजचे व्हायरस चालत नाहीत या भरवशावर कुठूनही आणलेले क्रॅक केलेले ‘रिपॅक’ उघडू नका. वाइन ईएक्सई चालवते, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रामही ईएक्सईच असतो. वाइनमधली झेड: ड्राइव्ह म्हणजे तुमची अख्खी डिस्क, तुमच्या खात्याला जे फोटो आणि कागदपत्रं उघडता येतात, ती त्यालाही येतात. ‘ड्राइव्ह्ज’ टॅबवरून झेड: काढली तर वरवरचा अटकाव होतो, पण लिनक्सच्या थेट हाका मारणाऱ्या प्रोग्रामला ती काढून काही फरक पडत नाही. संशयाची फाइल तपासायचीच असेल तर संगणकावर वेगळं खातं बनवून तिथे उघडा, आणि त्या खात्याला तुमच्या होम फोल्डरची परवानगी ठेवू नका.